हरवलेले चारशे ग्रॅम

आमची पहिली भेट झाली तेव्हा मी वजनकाट्याशेजारी जमिनीवर चक्क आडवी पडले होते.

डायलिसिस वॉर्डच्या दाराशी असतो तो मोठा काटा. चाकाच्या खुर्चीसकट माणूस चढवता येईल एवढा. त्याचा एक पाय डुगडुगत होता, आणि डुगडुगता काटा बघितला की माझं डोकं फिरतं. मी हात खाली घालून स्क्रू पिळत होते, तेवढ्यात कुणीतरी खुशाल वर चढलं.

"उतरा आधी!" मी खालूनच ओरडले.

"किती भरलं?" वरून आवाज आला.

"काय किती?"

"वजन हो. एवढं ओरडण्यासारखं आहे का?"

मी उठून बसले. निळा गणवेश, खिशाला उलटं टांगलेलं घड्याळ, आणि चेहऱ्यावर असं हसू की जणू जमिनीवर लोळणाऱ्या मुली याला रोजच भेटतात. तो वॉर्डचा नर्स होता. त्यानं मला उठवायला हात पुढे केला. मी तो न घेता उठले... आणि मग उगाच वाटलं, घ्यायला हवा होता.

"अडुसष्ट किलो चारशे," मी आकडा वाचला. "आणि बूट काढून चढायचं असतं."

"काढतो की. मग नीट बोलाल?"

"काटा नीट झाला की बोलेन."

"म्हणजे आधी काटा, मग आम्ही," तो म्हणाला आणि औषधांची गाडी ढकलत निघून गेला. जाताना शीळ घालत होता. बेसूर.

आता माझं काम काय, ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ज्यांची मूत्रपिंडं थकलेली असतात, त्यांच्या अंगात पाणी साठत जातं. आठवड्यातून तीन दिवस चार-चार तास मशीन त्यांचं रक्त धुतं आणि ते जादा पाणी ओढून घेतं. किती ओढायचं, ते वजनावरून ठरतं. कमी ओढलं तर धाप लागते, जास्त ओढलं तर पायात गोळे येतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. मी जैव-अभियंता. वॉर्डाच्या तीन मजले वर आमची प्रयोगशाळा. हे 'किती' अगदी नेमकं सांगणारी पद्धत मी बसवत होते. तिच्या मुळाशी एकच गोष्ट: शरीरात जे गेलं ते एकतर बाहेर येतं, नाहीतर आत राहतं. शरीर अन्न जाळेल, घाम गाळेल, श्वासातून वाफ सोडेल, पण एक ग्रॅमही नाहीसा करू शकणार नाही. त्यामुळे घोट-घोट पाणी, घाम, श्वास, मशीननं ओढलेलं, सगळं मी मोजायचे आणि शेवटी मेळ बसतो का बघायचे.

लहानपणी मी आमच्या मांजरीचं दूध पिण्याआधी आणि प्यायल्यानंतर वजन करायचे. आई म्हणायची, "हिचं लग्न एखाद्या काट्याशीच लावून द्यावं लागणार." मांजर पळून गेली, सवय राहिली.

तर मंगळवार, गुरुवार, शनिवार मी खाली वॉर्डात. वॉर्डातले सगळे त्याला 'ब्रदर' म्हणायचे. माझ्या तोंडून तो शब्द काही निघेना. मी नुसतं 'अहो' वर भागवायचे.

"अहो, पाच नंबरचा पेला मोजला का?"

"मोजला हो," तो लांबूनच म्हणायचा. "काय गोड हाक मारता! अख्खा वॉर्ड बघायला लागतो."

"मी पेल्याचं विचारलं."

"एकशे वीस मिली. आणि तुमचे कान लाल झालेत, तेही लिहा."

मी लिहीत नसे. पण कान... जाऊ दे.

दोन महिने असेच गेले. माणूस डोक्यात जायचा, आणि सोमवारी तो दिसत नाही म्हणून सोमवार सुद्धा डोक्यात जायचा. कधीकधी मात्र तो अगदीच विचित्र बोलायचा. एकदा हात पुसत माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "आज मीठ बेताचंच होतं हं. पण मजा आली."

मी धावत जाऊन नऊच्या नऊ मशीनमधलं क्षाराचं प्रमाण तपासलं. सगळं ठीक होतं.

"मीठ बरोबर आहे," मी त्याला येऊन सांगितलं, चांगली घामाघूम होऊन.

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग हसू दाबत म्हणाला, "तुम्ही म्हणता तर बरोबरच असणार."

येडाच आहे, असं मी ठरवून टाकलं. गोड आहे, पण येडा.

घोडं अडलं होतं ते शिंपीकाकांपाशी. नऊ पेशंटपैकी आठ जणांचा मेळ छान बसत होता. दहा-वीस ग्रॅम इकडे तिकडे. काकांचे मात्र दर वेळी चारशे ग्रॅम गायब. कधी तीनशे नव्वद, कधी चारशे वीस, पण गायब म्हणजे गायब. सगळ्यात वाईट म्हणजे, गेले दोन महिने काकांच्या पायात शेवटच्या तासाला असे गोळे यायचे की तो सत्तरीचा माणूस ओठ चावून कण्हायचा. आणि तो, निळ्या गणवेशातला, गुडघ्यावर बसून त्यांच्या पोटऱ्या चोळत राहायचा. तेव्हा शीळ नाही, मस्करी नाही. मी लांबून बघायचे आणि माझा मलाच राग यायचा.

त्या मंगळवारी मोठ्या मॅडमनी बोलावलं. वॉर्डाच्या प्रमुख डॉक्टर. बोलणं तुटक, नजर सरळ.

"शनिवारी निर्णय आहे," त्या म्हणाल्या. "तुझी पद्धत वॉर्डात घ्यायची की नाही. आठ जणांचं उत्तम आहे. नववा गाळून टाक. म्हातारं शरीर आहे, घाम जास्त येत असेल."

"घाम मी मोजलाय, मॅडम. कोट काढत नाहीत ते, तरी येतो जेमतेम पंचवीस-तीस ग्रॅम."

"मग कारण सांग."

"सांगेन."

"शनिवारपर्यंत नाही सांगितलंस तर पद्धत परत वर जाईल. आणि त्यांना मी आठवड्यातून चौथा दिवस लावणार आहे. तेवढं पाणी एका वेळी त्यांना झेपत नाहीये."

चौथा दिवस! तीन दिवस सुईला हात देऊन उरलेल्या चारांत जेमतेम जगत होते काका. मी म्हटलं, "ज्याला त्रास होतोय त्यालाच गाळलं, तर पद्धत कशाला हवी? मी नाही गाळणार."

बाहेर आले तर तो दाराशी उभा.

"भांडलात?"

"ठाम बोलले."

"तुमचं ठाम बोलणं लिफ्टपर्यंत ऐकू आलं," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, "सापडेल तुम्हाला. तुम्ही सोडणाऱ्यातल्या नाही."

त्या एका वाक्यावर मी दोन दिवस जेवण न करताही राहिले असते, खरंच सांगते.

बुधवारी मी घरी गेले ती भिजून. आईनं दार उघडलं आणि नेहमीसारखी उलटतपासणी सुरू.

"छत्री कुठाय?"

"प्रयोगशाळेत नव्हती, म्हणून वाटलं घरी असेल."

"घरून तर माझ्यासमोर घेऊन गेलीस."

"मग गेली कुठे? तिकडे नाही, इकडे नाही!"

"अगं बाई, दोन टोकं काय धुंडाळतेस?" आई टॉवेल माझ्या डोक्यावर टाकत म्हणाली. "वाटेत बघ ना. बसमध्ये राहिली असेल."

मी टॉवेलखालीच थांबले. वाटेत! मी काकांकडे बघत होते ते खुर्चीत बसल्यापासून उठेपर्यंत. पण त्यांचं वजन व्हायचं दाराशी. दारापासून खुर्ची बारा पावलं. त्या बारा पावलांकडे मी कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"आई, तू ग्रेट आहेस!"

"छत्री नवी होती," आई म्हणाली.

गुरुवारी सकाळी मी प्रयोगशाळेतला दुसरा काटा स्वतः उचलून खाली आणला आणि काकांच्या खुर्चीशेजारी ठेवला. काका आले. तोच राखाडी कोट, स्वतः शिवलेला, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. त्यांना कायम थंडी वाजायची. कोटाचं वजन आम्ही सुरुवातीलाच नोंदून ठेवलं होतं, ते दर वेळी वजा करायचो. दाराशी त्यांचं वजन झालं. मी दुसरा काटा शून्यावर आणत होते, तोवर ते सावकाश चालत खुर्चीपाशी पोचले.

"काका, बसण्याआधी जरा यावर उभे राहता?"

काका दचकले. "परत? आत्ता तर झालं."

"माझ्यासाठी."

ते चढले. मी आकडा बघितला. पाचशे साठ ग्रॅम कमी! अजून सुई टोचली नव्हती, नळी जोडली नव्हती, आणि बारा पावलांत अर्ध्या किलोच्या वर माणूस नाहीसा.

काका एकदम खिडकीबाहेर बघायला लागले.

मी उलटी चालत निघाले, दाराकडे, एकेक पाऊल. सहाव्या पावलाला भिंतीत कर्मचाऱ्यांचं फडताळ. पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, आणि कोपऱ्यात एक स्टीलचा डबा. मी हात लावला. गरम होता. उचलून घेतला आणि—

"सापडलात!"

मी इतकी दचकले की डबा पडलाच असता. मागे तो उभा. डोळे नुसते चमकत होते.

"दोन महिने वाट बघतोय मी या क्षणाची," तो म्हणाला. "रोज ठरवायचो, आज पकडायचंच. तुम्ही कधी ठेवून जाता, पत्ताच लागत नव्हता."

"मी? काय ठेवून जाते?"

"आता पुरे हो नाटक! मंगळवार, गुरुवार, शनिवार. ज्या दिवशी तुम्ही, त्याच दिवशी डबा. भात, भाजी, कधी अंडं. मला न्याहारी करायला जमत नाही, दुपारी वेळ मिळत नाही, हे या वॉर्डात दुसरं कोण मोजणार? आणि वर साळसूदपणे 'मीठ बरोबर आहे' म्हणून सांगून जाता!"

माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. मीठ. अरे देवा, ते मीठ!

"अहो..." मी म्हटलं, "मला भात लावता येत नाही. चहासुद्धा आई करते. हा डबा माझा नाही."

त्याचा चेहरा असा उतरला की मला खोटं बोलावंसं वाटलं. पहिल्यांदाच आयुष्यात.

"माझा आहे," खुर्चीतून आवाज आला.

काकांनी कोटाची बटणं सोडली. आतल्या बाजूला एक खिसा होता, डब्याच्या मापाचा, अस्तर लावून, टाका दिसणार नाही असा शिवलेला. "दोन महिन्यांपूर्वी माझं मशीन अडलं होतं ना, तेव्हा हा पोरगा जेवायचा सोडून माझ्याजवळ बसला. याच्या पोटातला आवाज मशीनपेक्षा मोठा येत होता. म्हटलं, उद्यापासून दोघांचं शिजवायचं. पेशंटचं काही घेता येत नाही म्हणे तुम्हाला, म्हणून गुपचूप. माझ्या घरी मीठ बेतानंच असतं, तेवढं सांभाळून घेतलंस बाबा."

मी डबा काट्यावर ठेवला. पाचशे साठ. काका दाराशी डब्यासकट वजन करायचे, जेवण याच्या पोटात जायचं, आणि परत जाताना काका रिकामा डबा खिशात घालून पुन्हा काट्यावर चढायचे. रिकामा डबा दीडशे. राहिले चारशे दहा. बसला मेळ!

आणि मग दुसरी गोष्ट लक्षात आली, तेव्हा आनंद जागच्या जागी विरला.

"काका," मी सावकाश म्हटलं, "मशीनला वाटायचं, डब्यासकट ते पाचशे साठ ग्रॅम तुमच्या अंगातलं पाणी आहे. ते तेवढं पाणी जास्तीचं ओढायचं. म्हणून गोळे."

मग तो काकांच्या खुर्चीजवळ खाली बसला. "मी तुमचे पाय चोळत बसायचो," तो म्हणाला, "आणि ते दुखत होते माझ्याच जेवणापायी." त्याचे डोळे भरून आले होते, आणि तो ते लपवतही नव्हता. त्या क्षणी, तिथेच, मला पक्कं कळलं की हा माणूस मला हवा आहे.

"रडतोस काय!" काका म्हणाले. "चौथा दिवस टळला की नाही? बरं, हे घ्या तुम्ही." खिशाच्या तळातून त्यांनी चिठ्ठ्यांची जुडी काढली आणि माझ्या हातात दिली. "रिकाम्या डब्यात निघायच्या. तुमच्यासाठी होत्या, पण पत्ता चुकून माझ्याकडे येत होत्या. मी म्हटलं, चाललंय ते चालू दे, मोडता कशाला घाला."

"काका, नको!" तो ताडकन उठला. मी तोवर तीन वाचल्या होत्या.

'भात मस्त. मीठ कमी होतं, पण तुम्ही माझ्यावर ओरडलात की भरून निघतं.'

'आज तुम्ही दोनदा हसलात. नोंद केली आहे.'

'डबा नाही आणलात तरी चालेल. मंगळवारी या मात्र.'

शेवटची मी पुन्हा वाचली. तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. आता त्याचे कान लाल होते.

"हे मला लिहावं लागेल," मी म्हटलं.

"चिठ्ठ्यांचं?" तो घाबरून वळला.

"डब्याचं. मॅडमना कारण द्यायचंय. तुमचं नाव येईल. पेशंटचं अन्न खाल्लं म्हणून... बदली होऊ शकते तुमची." मी चिठ्ठ्या घडी करून खिशात टाकल्या. "तरी मी लिहिणार. अर्धं खरं मला लिहिता येत नाही."

त्यानं खिशातलं पेन काढून माझ्यापुढे धरलं.

"लिहा," तो म्हणाला. "नाही लिहिलंत तर माझा तुमच्यावरचा विश्वास उडेल."

शनिवारी मॅडमच्या खोलीत पाच डॉक्टर बसले होते. मी आठ जणांचे आकडे मांडले, मग नवव्याचे. मॅडमनी चष्मा खाली केला.

"हे दर वेळचे चारशे ग्रॅम. कुठे गेले?"

मी तोंड उघडणार, तोच मागचं दार उघडलं. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. तो आत येऊन उभा होता, गणवेशाला इस्त्री करून.

"माझ्या पोटात, मॅडम."

पाच डॉक्टर वळले.

"सगळे?" मॅडमनी विचारलं.

"सगळे. दोन महिने. एक शीतही टाकलं नाही."

कोण आधी हसलं मला माहीत नाही, पण मॅडम नक्कीच नव्हत्या. त्यांनी त्याला लेखी ताकीद दिली. दाराशी कोट टांगायला खुंटी ठोकायला सांगितली, आणि काकांसाठी वजनाच्या वेळी एक हलकी शाल. चौथा दिवस खोडला. मग माझे कागद हातात घेऊन म्हणाल्या, "जी पद्धत आमच्या फडताळातला डबा शोधून काढते, ती घ्यायलाच हवी." मी बाहेर येऊन जिन्यात बसले आणि मनसोक्त रडले. जीव भांड्यात पडला की मला असंच होतं.

रविवारी आणि सोमवारी आमच्या स्वयंपाकघरात जे झालं त्याबद्दल आई अजून बोलते. पहिला भात पातेल्यासकट गेला. दुसऱ्यात मीठ दोनदा पडलं. आई दाराला टेकून हसत होती. "काट्यापेक्षा बरा दिसतोय जावई," ती म्हणाली. मी पळी दाखवून तिला बाहेर काढलं.

मंगळवारी सकाळी मी डबा घेऊन वॉर्डात गेले आणि सगळ्यांसमोर, दाराशी, काट्याजवळ, त्याच्या हातात दिला. मी पेशंट नाही, त्यामुळे नियम मोडत नव्हता. नियम मी आदल्या दिवशी वाचला होता.

"हा माझा आहे," मी म्हटलं. "तीनशे पंच्याऐंशी ग्रॅम, डबा सोडून. करपलाय. मीठ जास्त आहे. आणि ऐका, मध्ये बोलू नका, नाहीतर मी वाद घालत बसेन. मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवसापासून. हात धरून उठायला हवं होतं मी."

काका खुर्चीतून खाकरले. शेजारच्या मावशींनी पंखा बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून.

तो मात्र डबा छातीशी धरून नुसता उभा. मला वाटलं, झालं... जास्तच ठाम बोलले. तेवढ्यात सात नंबरचं मशीन वाजायला लागलं, तो तिकडे धावला, आणि मी पेले मोजत बसले. एकही आकडा धड लिहिता आला नाही.

दुपारी प्रयोगशाळेत गेले तर टेबलावर रिकामा डबा. घासून, पुसून. आता माझी सवय तुम्हाला माहीतच आहे. उघडण्याआधी मी तो काट्यावर ठेवला.

एकशे बावन्न.

डबा दीडशेचा होता. मी रात्री स्वतः मोजला होता. दोन ग्रॅम जास्त.

झाकण काढलं. आत घडी घातलेला कागद.

'भात करपला होता. मीठ फार होतं. असंच आयुष्यभर चालेल. चालेल का तुला?'

मी लिफ्टची वाट बघितली नाही. तीन मजले जिन्यानं उतरले. तो दाराशी काकांचा कोट खुंटीवर अडकवत होता. मला बघून हात तसाच वर राहिला.

"आयुष्यभर म्हणजे नक्की किती दिवस?" मी धापा टाकत विचारलं. "आकडा लागतो मला."

त्यानं हात पुढे केला. या वेळी मी तो घट्ट धरला.

"तू मोजत राहा," तो म्हणाला. "मी जेवत राहतो."